येरळेच्या पुलापलीकडचा जटका

सातारच्या आमच्या घरात टांग्याला टांगाच म्हणत. आई लग्न होऊन आली तेव्हा ती जटका म्हणायची. ती मिरजेची. तिचे वडील मिरजेच्या स्टेशनावर जटका हाकायचे, आणि घोडा जुंपलेली, माणसं वाहणारी जी काही गाडी असेल ती तिच्या लेखी जटकाच होती. नवी नवरी असताना एकदा ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, पाऊस लागलाय, जटका बोलवू का?" सासूला ते झटका असं ऐकू आलं. झटका बोलवायचा कशाला, तो आपला आपण येतो, असं कुणीतरी म्हणालं आणि घरातल्या जावा पदर तोंडाशी धरून हसल्या. पुढं बरेच दिवस तिला हाकच 'ए झटका' अशी पडायची. चेष्टा मायेची होती, असं आई अजूनही सांगते. पण तिनं तो शब्द सातारच्या घरात परत काढला नाही.

मला तो शब्द कळला तो रेल्वेत.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. आम्हाला पास असायचा. सातारच्या स्टँडवर गाडीत बसलं की मिरजेला उतरायचं, इतकं सोपं. तरी दर उन्हाळ्यात माहेरी जाताना आई हट्टानं सातारा रोडला जाऊन रेल्वे धरायची. वडील विचारायचे, "घरची गाडी सोडून इंजिनाचा धूर खायची हौस कसली तुला?" आई खाली मान घालून म्हणायची, "पोरीला बशीत उलटी होते." मला बसमध्ये आजवर एकदाही उलटी झालेली नाही. पण मी गप्प राहायची, कारण मलाही रेल्वेनंच जायचं असायचं.

आबा, म्हणजे आईचे वडील, एसटीच्या स्टँडवर येत नसत. त्यांची जागा स्टेशनाच्या अंगणात, चिंचेच्या झाडाखाली. तिथं पोचायचं तर रेल्वेनंच पोचायला हवं होतं.

रेल्वे कराड, ताकारी, भिलवडी करत रमतगमत जायची. आई खिडकीशी बसायची ती डोक्यावरचा पदर नीट धरून, मांडीवर पिशवी घेऊन, सातारच्या घरी बसायची तशीच. भिलवडी सुटलं की येरळेचा पूल यायचा. उन्हाळ्यात नदीत पाणी नसायचंच, नुसती वाळू आणि कडेला कुणाची तरी म्हसरं. चाकांचा आवाज पुलावर बदलायचा आणि आईचा चेहराही बदलायचा. ती पदर खांद्यावर घ्यायची, पिशवी माझ्याकडं द्यायची आणि म्हणायची, "आबा आलं असतील बघ जटका घिऊन."

पहिल्यांदा मी विचारलं, जटका म्हणजे काय? तर ती म्हणाली, "आपल्या सातारला टांगा म्हणत्यात त्यो." आणि जरा थांबून म्हणाली, "घरी नको हं म्हणूस."

मिरज हे दवाखान्यांचं गाव. अथणी, रायबाग, पार विजापूरकडून माणसं दुखणी घेऊन उतरायची. गाडी आली की अंगणात एकच गलका व्हायचा, 'जटका, जटका.' आबा त्यांच्याशी कानडी बोलायचे. "बर्री अक्का, कुंद्री," म्हणजे या बाई, बसा. एखादा म्हातारा चालू शकत नसला तर ते त्याला उचलून आत ठेवायचे. पण आम्ही येणार त्या दिवशी ते कुणालाच घ्यायचे नाहीत. चिंचेखाली उभे राहायचे. अंगात खाकी कोट, डोक्याला पटका, हातातली चाबकाची काठी बगलेत धरलेली. मी त्यांना घोडीवर चाबूक ओढताना पाहिलं नाही. तो त्यांच्या हाताचा भाग होता, एखाद्याच्या हातात छत्री असावी तसा.

आई स्टेशनातून बाहेर आली की आधी घोडीकडं जायची, मग आबांकडं. घोडी तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिकला. तिला नाव नव्हतं. आबा तिला 'बाई' म्हणायचे आणि तिच्याशी मोठ्या अदबीनं बोलायचे, "बाई, जरा कडंनं चला," "बाई, पानी प्या." आजी म्हणायची, "मला जल्मात कवा आवं-जावं केलं न्हाई, आन् ह्या घोडीला बघा." आई घोडीच्या मानेवर, आयाळीच्या खाली, हात ठेवून नुसती उभी राहायची. घोडी तिच्या खांद्यावर नाक घासायची, फुरफुरायची. मग आई आबांच्या पाया पडायची आणि आबा म्हणायचे, "वाळलीस गं पोरी." ते दर वर्षी तेच म्हणायचे.

एकदा मी आबांना विचारलं, "आबा, हा टांगा आहे की जटका?" ते घोडीच्या तोंडाला तोबरा, म्हणजे खाण्याची पिशवी, बांधत होते. भिजवलेल्या हरभऱ्याचा वास येत होता.

"खरं बघाय गेलं तर टांगाच हाय ह्यो," ते म्हणाले. "जटका म्हंजे मागनं चढायचं. वर कमानीवानी छप्पर, आत गवात, त्येच्यावर सतरंजी, आन् मांडी घालून बसायचं. माझ्या बाचा तसला हुता. त्यो मोडला, मग ह्यो आला. पर कानडी मुलखातली मान्सं 'जटका, जटका' म्हनतच यायची. त्येनला काय सांगत बसू ह्यो टांगा हाय म्हनून?"

"आणि बग्गी कशाला म्हणतात?"

"चार चाकं आसली की बग्गी. ती सरकार लोकांची. छप्पर मागं पडतंय ती फिटन. आन् सगळीकडनं बंद, आत बाया बसायच्या, ती सारवट. माझ्या बानं ह्या सगळ्या बघितल्या. मी निम्म्या बघितल्या. तू ही येकच बघ."

"आणि बैल जुंपला की?"

"मग ती गाडी," आबा म्हणाले. "तिला कोन काय म्हनतंय, आपल्याला काय करायचंय."

जटक्यात मी मागं बसायची, आजीसाठी आणलेल्या सामानाजवळ, पाय खाली सोडून. मागं बसलं की पुढचं काही दिसत नाही. जो रस्ता गेला तोच दिसत राहतो. माझ्या पाठीला पाठ लावून आई पुढं आबांशेजारी बसायची. सातारला ती वडिलांच्या चार पावलं मागून चालायची, आणि इथं भर रस्त्यात, उघड्या डोक्यानं, हाकणाऱ्याच्या जागेशेजारी. रेल्वेचं फाटक ओलांडलं की आबा न बोलता लगाम तिच्या हातात द्यायचे. मला ते दिसायचं नाही, पण कळायचं. घोडीच्या टापांची चाल जरा बदलायची, आणि आई हसायची. ते हसणं मी सातारला ऐकलं नव्हतं. अजूनही कुठं टापांचा आवाज आला की मला पहिल्यांदा माझ्या पाठीमागून येणारं ते हसणं आठवतं, घोडी नंतर.

एका उन्हाळ्यात असं झालं. वडिलांची ड्यूटी त्या आठवड्यात नेमकी मिरजेच्या गाडीवर लागली होती. आम्हाला ते माहीत नव्हतं. आम्ही स्टेशनावरून निघालो. बाजाराचा दिवस होता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बैलगाड्या सोडलेल्या, मधून जेमतेम एक वाहन जाईल इतकी वाट. लगाम आईच्या हातात होता. आणि वळणावरून समोरून एसटी आली.

घोडी बिचकली. जटका एकदम मागं सरकला आणि माझ्या पायाखाली कुणाच्या तरी कांद्यांची पोती आली. मी वळून बघितलं. आबांच्या आणि आईच्या मधल्या फटीतून मला बसचं तोंड दिसलं आणि काचेमागं वडील दिसले. आईलाही दिसले असणार. तिचा पदर खाली होता, हातात लगाम होता.

वडिलांनी इंजिन बंद केलं.

त्या काळात चढावर, गर्दीत, भरलेल्या गाडीचं इंजिन बंद करणं म्हणजे पुन्हा सुरू होईल की नाही याची खात्री नसायची. गाडीतली माणसं ओरडायला लागली. कंडक्टरनं घंटा मारली. कुणीतरी खिडकीतून डोकं काढून म्हणालं, "अवो डायवर, हाना की गाडी, टांगेवाला सरंल बाजूला." वडिलांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि बसून राहिले.

आबा आईला अगदी हळू म्हणाले, "वढू नगं. सैल सोड. तिला बघू दे काय हाय ते."

आईनं लगाम सैल सोडला. घोडीनं कान पुढं केले, थोडा वेळ बसकडं बघितलं आणि मग एकेक पाऊल टाकत निघाली. आम्ही बसला इतकं घासून गेलो की मला तिच्या तापलेल्या पत्र्याची धग लागली. वडिलांच्या खिडकीखालून जाताना आईनं एका हातानं पदर डोक्यावर ओढला. वडिलांनी मान हलवली. राहू दे, अशी. आबांनी चाबकाची काठी कपाळाला लावून जावयाला रामराम केला.

मला वाटलं, सातारला गेल्यावर आता काहीतरी होणार. महिन्यानं आम्ही परत आलो. वडील त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत. दुसऱ्याही दिवशी नाही. मग एका रात्री जेवताना, ताटातून नजर वर न करता, ते आईला म्हणाले, "तू रेल्वेनंच जात जा." एवढंच. आईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, त्यांनी नको म्हटलेलं असताना.

त्यानंतर काही उन्हाळे तसेच गेले. मिरजेत रिक्षा वाढत होत्या. अंगणातल्या चिंचेखालचे जटके कमी होत होते, पण ते कमी झाले म्हणून मला आबांचा लांबूनच ओळखू यायचा. मुलांना असलं वाईट वाटत नाही. मी सातवीत असेन. आम्ही स्टेशनातून बाहेर आलो आणि चिंचेखाली आबा एकटेच उभे होते. कोट तोच, पटका तोच. हात मात्र मोकळे होते. ते हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, एकदा पाठीमागं धरत होते, एकदा कोटाच्या खिशात घालत होते. त्यांच्या मागं मामा नव्या रिक्षाजवळ उभा होता. रिक्षाला झेंडूचा हार घातलेला होता, सुकलेला.

आई अंगणभर बघत राहिली. मग म्हणाली, "जटका कुठाय, आबा?"

"दिला," आबा म्हणाले.

"कुनाला?"

"जैसिंगपूरचा येकजन घिऊन गेला."

"आन् बाई?"

आबांनी हात पुन्हा कोटाच्या खिशात घातले. "ती बी त्येच्यासंगंच गेली. जटक्याबिगर तिला ठिवून काय करू? हितं दावनीला बांदून बसवू व्हय?"

मामा म्हणाला, "आक्का, बस की. नवी हाय. एकदम गार वारं लागतंय." त्याला फार आनंद झालेला होता आणि तो लपवता येत नव्हता. आता मला त्याचं काहीच चूक वाटत नाही. त्याला बायको होती, तान्हं पोर होतं, आणि दवाखान्यात जाणारी माणसं आता घोड्याची वाट बघत थांबत नव्हती.

आईनं सामान रिक्षात ठेवलं आणि ती चालायला लागली. "आक्का, अगं बस," मामा म्हणत राहिला. ती वळली नाही. आबा तिच्यामागून निघाले. मग मीही. रेल्वेचं फाटक, बाजार, पाण्याची टाकी, असं करत आम्ही तिघं उन्हातून घरापर्यंत चालत गेलो आणि मामा आमच्या मागून, सामान घेऊन, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू येत राहिला. वाटेत ओळखीचे लोक आबांना विचारत होते, "काय, चालत?" आबा म्हणत होते, "व्हय. लेक आलीया."

घरी आल्यावर आई पाणीही न पिता मागं तबेल्यात गेली. तो झाडून काढलेला होता. भिंतीला घोडीनं अंग घासून घासून गुळगुळीत केलेली जागा तेवढी होती. आई तिथं टेकून उभी राहिली. मला वाटलं रडेल, पण ती रडली नाही. रात्री सगळे अंगणात बसले असताना ती म्हणाली, "उद्या मी जैसिंगपूरला जाऊन यिऊ का? बघून यिते."

आबा म्हणाले, "नगं."

"नुसती बघून यिते, आबा."

"तिनं वळखलं तर लय वंगाळ," आबा म्हणाले. "आन् न्हाई वळखलं तरी वंगाळ."

आजी अंथरुणं घालायला उठली. आई गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माहेरी जायच्या आधी आई म्हणाली, "बशीनंच जाऊ. उगं सातारा रोडला कोन जाणार उन्हातान्हाचं." वडिलांनी तिच्याकडं बघितलं. पास काढून दिला. आम्ही मिरजेच्या स्टँडवर उतरलो, मामा रिक्षा घेऊन आलेला होता, आणि आई तीत बसली. ती आता मिरजेतही टांगा म्हणायची, म्हणजे म्हणायचा प्रसंग आला तर. तसे प्रसंग फारसे येत नव्हते. आबा पुढं बरीच वर्षं होते. ते संध्याकाळी काठी टेकत स्टेशनापर्यंत जाऊन यायचे, गाडीच्या वेळेला. कशाला जाता विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळं कराय."

आबा गेले, आजी गेली, माझं लग्न सातारमध्येच झालं. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली आणि निवृत्त झाले. वडील गेल्यावर आई माझ्याकडं राहायला आली. आता ती ऐंशीच्या पुढं आहे. गुडघे धरतात, कान चांगले आहेत. तिची भाषा मात्र हळूहळू पालटत गेली. सातारच्या घरात साठ वर्षं वापरलेले शब्द ती विसरली असं नाही, पण त्यांच्याखालचे जुने वर यायला लागले. मला ती 'गं'च्या जागी 'गा' म्हणून हाक मारते. मागच्या दिवाळीनंतर एकदा दारावरून लग्नाची वरात चालली होती, ती खिडकीतून बघून म्हणाली, "जटका झकास सजवलाय." माझ्या सुनेनं मला हळूच विचारलं, "सासूबाई, आजी काय म्हणाल्या?" मी सांगितलं. सून हसली नाही. तिनं मोबाईलवर तो शब्द शोधून बघितला.

ही सून इस्लामपूरकडची. तिच्या माहेरी ऊस आहे, आणि तिचे दोन्ही चुलते फौजेत होते. आदल्या माघात तिचं आणि माझ्या धाकट्या मुलाचं लग्न इस्लामपूरच्या एका कार्यालयात झालं. परण्यासाठी, म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला मिरवायला, बग्गी हवी म्हणून मुलानं हट्ट धरला, तेव्हा मला मामेभावाची आठवण झाली. रिक्षा दारात आली त्या वर्षीचं ते तान्हं पोर. त्यानंही वीसेक वर्षं रिक्षाच चालवली. मग एक दिवस ती विकून अकलूजच्या बाजारातून दोन पांढरे घोडे घेऊन आला. मामा तेव्हा त्याच्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हता. आता मिरज-सांगलीकडच्या लग्नांत त्याची बग्गी असते. पांढरी, चार चाकांची, मागं मोराची पिसं, अंगभर दिवे, आणि बाजूला 'शाही बग्गी' अशी अक्षरं.

सकाळी परण्याच्या वेळी नवरदेव बग्गीत चढला तेव्हा आई खुर्चीवर बसून घोडे बघत होती. मामेभाऊ येऊन तिच्या पाया पडला. "आत्या, चल, नातवाशेजारी बस."

"ह्या दनक्यात नगं," आई म्हणाली. पुढं डॉल्बी लागलेला होता, खुर्च्यासुद्धा थरथरत होत्या. "त्येंच्या कानात काय घाटलंयस?"

"कापूस हाय, आत्या."

"बरं केलंस."

लग्न लागलं, जेवणं झाली, पाठवणी झाली. मुलगा आणि सून पुढच्या गाडीनं सातारला गेले. कार्यालयात खुर्च्या उचलण्याचे आवाज यायला लागले तेव्हा आई मला म्हणाली, "त्याला म्हन, आता बसते."

मामेभाऊ दिवे काढत होता. त्यानं काम टाकलं. आईला मागच्या लाल गादीवर बसवायला तो पुढं झाला, तर ती म्हणाली, "मागं न्हाई. पुढं." पुढची जागा उंच होती. मामेभाऊ आणि कार्यालयातला एक माणूस, दोघांनी तिला खुर्चीसकट वर धरलं आणि ती तिथून सरकून बसली. मागच्या गादीवर, नवरा-नवरीच्या जागी, मी बसले.

आम्ही कार्यालयाच्या मागच्या उसाच्या रस्त्यानं निघालो. ऊन कललं होतं. डॉल्बी नव्हता, दिवे नव्हते, नुसत्या टापा. या वेळी मला सगळं समोर दिसत होतं, दोघांच्या पाठी, घोड्यांचे पुठ्ठे, आणि आईच्या अंबाड्यात खोवलेला लग्नाचा गजरा. थोडं पुढं गेल्यावर मामेभावानं विचारलं, "आत्या, धरतीस?"

त्यानं लगाम तिच्या हातात दिला पण स्वतःचा हात वरून काढला नाही. जोडीचे घोडे तिनं कधी हाकलेले नव्हते. "चला बाई," ती म्हणाली.

"दोन्ही घोडं हायत, आत्या. गडी हायत."

"आसूंद्यात," आई म्हणाली.

उसाची दोन-तीन शेतं ती तशीच हाकत गेली. मग म्हणाली, आणि ते मला ऐकू यावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणाली, "मी गेलते गा जैसिंगपूरला."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे.

"बशीनं आलतो बघ आपन पहिल्यांदा, त्या सालाला. तुला मामीकडं ठिवून मी वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेलते. जाताना जैसिंगपूरला उतरले. स्टेशनाम्होरं लिंबाखाली हुबी हुती ती. तोबरा बांधलेला, खात हुती. अंग चांगलं हुतं. खरारा रोजचा असावा."

"मग?"

"येक पोरगी हुती तितं. तुझ्याएवढी. स्टुलावर चढून तिच्या आयाळीला रिबिनी बांदत हुती. लाल रिबिनी. मी रस्त्याच्या पल्याड हुबी हुते."

"हाक नाही मारलीस?"

"कशाला? तिची पोरगी हुती की तितं," आई म्हणाली.

मामेभावाला यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यानं विचारलं नाही. मी इतकी वर्षं समजत होते की आई आबांचं ऐकून घरी राहिली. रस्त्याच्या पलीकडं, डोक्यावर पदर घेऊन, उन्हात उभी असलेली ती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. तिशीचीसुद्धा नव्हती. आज माझी सून आहे त्या वयाची. तिच्याबरोबर जाऊन उभं राहावं असं मला वाटलं. ती जागा आता आहे की नाही तेही मला माहीत नाही.

"आबांना सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं. दुसऱ्या दिशी. म्हनलं, चांगली हाय. त्येनी इचारलं, खाती का? म्हनलं, खाती. मग उठून गेले."

पाटाच्या कडेपर्यंत जाऊन मामेभावानं बग्गी वळवली. आम्ही परत आलो तेव्हा त्याचा टेम्पो येऊन थांबला होता. इस्लामपूरहून मिरजेपर्यंत घोडे चालत जात नाहीत. ते टेम्पोतून जातात, आणि बग्गी मागून दुसऱ्या गाडीवर. मामेभावानं फळी लावली, घोडे शहाण्यासारखे एकामागून एक आत चढले आणि आत वळून उभे राहिले. आईला ते फार मजेचं वाटलं. "घोडं गाडीत बसून घरला चाललं," ती म्हणाली आणि हसली.

मामेभाऊ फळी उचलत सहज म्हणाला, "आत्या, चलतीस का मिरजंला?"

"चल की," आई म्हणाली.

मला वाटलं चेष्टा चालली आहे. मी म्हटलं, "आई, आपली गाडी थांबलीय. घरी सून आलीय नवी. उद्या पूजा आहे."

"तू हाईस की," ती म्हणाली. "पूजंला माझं काय काम? मी चार दिस ऱ्हाऊन यिते."

"तुझी औषधं?"

"पिशवीत हायत."

मग मी पिशवी तिच्या हातात दिली. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर तिला चढवायला पुन्हा दोघं लागले. पैठणी नेसलेली, गजरा माळलेली माझी म्हातारी आई टेम्पोच्या केबिनमध्ये बसली, तिच्या डोक्यामागच्या जाळीतून एका घोड्यानं नाक पुढं काढलं, आणि टेम्पो पेठ-सांगली रस्त्याला लागला. मी कार्यालयाच्या दारात उभी राहिले. हात केला, पण तिनं मागं बघितलं नाही.

ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. मध्ये दिवाळीनंतर ती आठवडाभर सातारला येऊन गेली आणि लगेच परतली. मामेभाऊ सांगतो की ती सकाळी घोड्यांच्या चंदीचे हरभरे भिजवलेले आहेत का ते स्वतः बघते आणि खुर्ची टाकून तबेल्यासमोर बसते. मामाही आता तिथं येऊन बसतो. दोघं कानडीत भांडतात. घर इथं मोकळं वाटतं. सून विचारते, आजी कधी येणार? मी संध्याकाळी फोन करते. "आई, कधी येतेस?"

"यिते गा," ती म्हणते. "ह्या धाकट्या घोड्याचा पाय सुजलाय. जरा बरं वाटू दे त्येला, मग यिते."

घोड्याचा पाय केव्हाच बरा झालाय. मामेभावानं मला तसं सांगितलं आहे, तो घोडा परवा एका लग्नाला जाऊनही आला. मी आईला ते बोलले नाही. म्हटलं, "बरं. काळजी घे त्याची."